भास्कराचार्यांचा दहा अंकी आकडा कोणत्या यंत्राला झेपतो? गल्ल्यावरच्या कॅल्क्युलेटरपासून पारी-जीपी या प्रोग्रॅमपर्यंत

मोठ्या पूर्ण संख्येवर काम करायला एखादं यंत्र निवडायचं असेल तर त्याला एकच प्रश्न विचारावा: शेवटचा अंक बरोबर सांगतोस का? पहिले आठ-दहा अंक कोणतंही यंत्र सांगतं, आणि मालाच्या हिशेबाला तेवढं पुरतं. पण संख्या सम की विषम, तिला कशाने भाग जातो, ती मूळ आहे का, तिचं वर्गमूळ पूर्ण निघतं का, हे सगळं एककाच्या घरापर्यंतच्या अचूकपणावर उभं आहे. एकाचा फरक पडला की संख्या दुसरी झाली आणि तिचे अवयवही दुसरे झाले.

चाचणीचा आकडा शोधायला खान्देशाबाहेर जायची गरज नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणादेवीच्या शिलालेखात शके ११२८ चा उल्लेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याला दान मिळालं, अशी त्यात नोंद आहे. त्याच भास्कराचार्यांनी बीजगणितात एक प्रश्न घातला आहे: असा कोणता वर्ग, की ज्याला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्गच येतो? ६० साठी हेच विचारलं तर उत्तर चिमुकलं आहे, ४ आणि ३१. ६२ साठी ८ आणि ६३. मधल्या ६१ साठी मात्र सर्वांत लहान उत्तर असं येतं: २२,६१,५३,९८० चा वर्ग घ्या, ६१ ने गुणा, १ मिळवा, की १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग तयार.

चाचणी म्हणून हा आकडा फार सोयीचा आहे. आकडा स्वतः दहा अंकी, म्हणजे इथल्या कुठल्याही यंत्रात शिरतो. वर्ग १९ अंकी, म्हणजे बहुतेक यंत्रांतून बाहेर सांडतो. आणि बरोबर उत्तर आधीच ठाऊक आहे: दहा अंकी आकड्याच्या वर्गातून ६१ गुणिले दुसऱ्याचा वर्ग वजा केला तर १ उरला पाहिजे. शून्य नाही, अंदाजे नाही, १.

सुरुवात गल्ल्यावरच्या १२ अंकी कॅल्क्युलेटरपासून करू. जळगावच्या सराफ बाजारात, सावदा-रावेरच्या केळीच्या व्यापाऱ्यांकडे, जिनिंगच्या ऑफिसात, सगळीकडे टेबलावर हाच असतो. त्यावर १७६६३१९०४९ ला त्याच आकड्याने गुणलं की कोपऱ्यात ‘ई’ उमटतो आणि बहुतेक मॉडेलांवर ३११९८८२.९८२८६ असं काहीतरी दिसतं. याचा अर्थ यंत्र बिघडलं असा नाही. उत्तर १२ घरांत मावलं नाही, दशांश चिन्ह बारा घरं उजवीकडे सरकवून वाचा, असं ते सांगतंय. खालचे सात अंक गेले. तरीही या यंत्राला चांगले गुण द्यावे लागतात, कारण मर्यादा ओलांडली हे ते लपवत नाही. ‘ई’ आल्यावर पुढचं बटण चालत नाही, आधी क्लिअर करावंच लागतं.

शिवाय याच यंत्रावर १९ अंकी वर्ग अचूक काढता येतो. आकडा पाच-पाच अंकांच्या गटांत तोडायचा: १७६६३ आणि १९०४९. मग तीन गुणाकार करायचे. १९०४९ चा वर्ग ३६२८६४४०१. दोघांचा गुणाकार दुप्पट करून ६७२९२४९७४. १७६६३ चा वर्ग ३११९८१५६९. आता उजवीकडून हातचा धरत यायचं. ३६२८६४४०१ मधले शेवटचे पाच अंक ६४४०१ कागदावर लिहा, हातचा ३६२८. तो मधल्यात मिळवा: ६७२९२८६०२. त्यातले २८६०२ आधीच्या पाचांच्या डावीकडे लिहा, हातचा ६७२९. तो पहिल्यात मिळवा: ३११९८८२९८. सलग वाचा: ३११९८८२९८ २८६०२ ६४४०१, म्हणजे ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१. शाळेतला गुणाकारच आहे, फक्त एका घरात एका अंकाऐवजी पाच अंक बसवलेत.

दुसरी बाजूही अशीच काढायची. २२६१ आणि ५३९८० असे गट. ५३९८० चा वर्ग २९१३८४०४००, तो ६१ ने गुणला की १७७७४४२६४४००. बरोबर बारा अंक, काठोकाठ. ६४४०० लिहा, हातचा १७७७४४२. मधला २४४०९७५६० गुणिले ६१ म्हणजे १४८८९९५११६०, हातच्यासह १४८९१७२८६०२. २८६०२ लिहा, हातचा १४८९१७. पहिला ५११२१२१ गुणिले ६१ म्हणजे ३११८३९३८१, हातच्यासह ३११९८८२९८. वरचे दोन्ही गट जसेच्या तसे जुळले आणि शेवटी ६४४०१ च्या जागी ६४४००. फरक १.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली: वेळ वाचवायला सहा-सहाचे गट करणं. नुसत्या वर्गापर्यंत ते निभतं, पण १५३९८० चा वर्ग ६१ ने गुणला की १३ अंक होतात आणि पुन्हा ‘ई’ येतो. दुसरी जास्त घातक: एखाद्या गटाचे शेवटचे पाच अंक ००३४५ असे आले तर नुसतं ३४५ लिहिलं जातं. कॅल्क्युलेटर पुढची शून्यं दाखवत नाही, ती आपणच भरायची. एक शून्य गळालं तर सगळा आकडा दहा पटींनी आक्रसतो, आणि उत्तर दिसायला इतकं साळसूद असतं की शंकाही येत नाही.

स्प्रेडशीट या चाचणीत सगळ्यांत खाली. एका घरात पहिला आकडा, दुसऱ्यात दुसरा, तिसऱ्यात वजाबाकीचं सूत्र. उत्तर ० येतं. ना ‘ई’, ना इशारा. स्वच्छ, ठाम शून्य. कारण असं: शीट प्रत्येक संख्या ५३ बिटांत साठवते. ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच्या पूर्ण संख्या तिथे अचूक राहतात, त्यापुढे फटी पडायला लागतात. आपला वर्ग ज्या टापूत आहे तिथे शेजारच्या दोन साठवता येणाऱ्या संख्यांमध्ये तब्बल ५१२ चं अंतर आहे. शेवटी ४०१ असलेला आणि ४०० असलेला, दोघेही एकाच खुंटीला टांगले जातात आणि वजा केल्यावर काही उरत नाही. पडद्यावर तर फक्त १५ अंक दिसतात, म्हणून वर्ग ३११९८८२९८२८६०२६०००० असा शून्यं लावलेला वाचायला मिळतो. सोळा अंकी खातेनंबर किंवा कार्डनंबर शीटमध्ये टाकल्यावर शेवटचा अंक शून्य होतो, तोही याच कारणाने. असे नंबर टाकण्याआधीच ते घर ‘टेक्स्ट’ करून ठेवावं. नंतर केलं तर गेलेला अंक परत येत नाही.

सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर वजाबाकीचं उत्तर ० च येतं, कारण पडद्यावर दहा आणि आत साधारण पंधरा अंक, एवढीच त्याची झेप. पण अवयवांच्या बाबतीत तो जास्त प्रामाणिक आहे. ज्यावर ‘फॅक्ट’ लिहिलेलं असतं ते मॉडेल घ्या, दहा अंकी आकडा टाकून ‘इज इक्वल टू’ दाबा, मग शिफ्ट आणि ‘फॅक्ट’. उत्तर येतं: ११ × ५९ × (२७२१६०१). तो कंस महत्त्वाचा आहे. विद्यार्थी सर्रास कंस सोडून उत्तर लिहितात आणि २७२१६०१ ही मूळ संख्या समजतात. ती मूळ नाही. यंत्र फक्त तीन अंकी मूळ संख्यांपर्यंत भागून बघतं. ९९७ नंतरची मूळ संख्या १००९, तिचा वर्ग १०,१८,०८१. उरलेला भाग यापेक्षा लहान असेल तर तो मूळ असणारच, म्हणून कंस लागत नाही. त्याच्यावर गेला की यंत्र हात वर करतं आणि कंस घालतं. कंस म्हणजे ‘इथून पुढे मी पाहिलेलं नाही’.

गूगलचा अँड्रॉइडवरचा कॅल्क्युलेटर पूर्ण अचूक चालतो आणि वजाबाकी १ देतो. उत्तर बोटाने सरकवलं की सगळे अंक दिसतात. पण अवयव, मूळ संख्या यांसाठी त्यात काही नाही.

आता पारी-जीपी. या परीक्षणाचा मुख्य विषय तोच. फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठात आंरी कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेला, अंकशास्त्रासाठीच, म्हणजे पूर्ण संख्यांच्या गणितासाठी (नंबर थिअरी), बनवलेला हा प्रोग्रॅम आहे. फुकट आहे, मुक्त परवान्याचा आहे. विंडोज, लिनक्सवर बसतो, अँड्रॉइडसाठी पारीड्रॉइड नावाचं ॲप आहे, आणि त्यांच्या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच चालणारी आवृत्तीही आहे. ब्राउझरचं पान एकदा उघडलं की गणित आपल्याच यंत्रावर चालतं, त्यामुळे नेट अधूनमधून जाणाऱ्या गावातही अडत नाही.

उघडल्यावर प्रश्नचिन्ह दिसतं, त्यापुढे गणित लिहायचं आणि एंटर. वजाबाकी घातली: १. फॅक्टर (factor) ही आज्ञा देऊन कंसात दहा अंकी आकडा दिला की डोळ्याचं पातं लवायच्या आत चार ओळी येतात: ११, ५९, १५२३, १७८७, प्रत्येकाची घात १. म्हणजे सायंटिफिकच्या कंसात अडकलेला २७२१६०१ हा १५२३ × १७८७ होता. दुसरा आकडा, २२६१५३९८०, फोडला तर २² × ३² × ५ × १३ × १२७ × ७६१. नमडिव्ह (numdiv) विचारलं तर पहिल्याचे विभाजक १६, दुसऱ्याचे १४४. सिग्मा (sigma) विचारलं तर पहिल्याच्या सगळ्या विभाजकांची बेरीज १९६१९३६६४०.

१५२३ तिथे कुठून आला, हे बघण्यासारखं आहे. चक्रवाल म्हणजे असे प्रश्न सोडवण्याची भास्कराचार्यांनी दिलेली पद्धत. तीत ८ चा वर्ग वजा ६१ बरोबर ३ इथून सुरुवात होते आणि पुढच्याच पायरीला ३९ आणि ५ मिळतात: ३९ चा वर्ग १५२१, ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५, फरक उणे ४. फरक उणे ४ आला की त्यांच्याआधीच्या ब्रह्मगुप्ताचं सूत्र थेट शेवटच्या उत्तराला नेऊन पोचवतं, आणि त्या सूत्रात पहिला गुणक आहे ३९ चा वर्ग अधिक २. म्हणजे १५२३! दुसरा गुणक ११५९७६३, जो ११ × ५९ × १७८७ आहे. यंत्राने जे अवयव मोडतोड करून शोधले, त्यातला एक चक्रवालाच्या कागदावर आधीच लिहिलेला होता. आणखी एक गंमत: चारही अवयवांना २४ ने भागून बघा, प्रत्येक वेळी बाकी ११. त्यातला काही भाग योगायोग नाही. आपला आकडा २९७१८ च्या वर्गाच्या दुपटीहून एकाने मोठा आहे, आणि अशा संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ३ च राहू शकते.

६१ चं उत्तर पारीकडूनच काढून घ्यायचं असेल तर क्वाडयुनिट (quadunit) ही आज्ञा आहे, आणि नवशिक्यांची फजिती नेमकी इथे होते. ६१ दिला की उत्तर येतं १७ + ५ डब्ल्यू. लोक डब्ल्यूच्या जागी वर्गमूळ ६१ घालून पडताळा घेतात: १७ चा वर्ग २८९, वजा १५२५, उत्तर उणे १२३६. मग प्रोग्रॅमला बोल लावतात. डब्ल्यू म्हणजे वर्गमूळ ६१ नव्हे; १ आणि वर्गमूळ ६१ यांच्या बेरजेचं निम्मं. तसं मांडलं की ३९ आणि ५ यांची निम्मी जोडी समोर येते, म्हणजे चक्रवालाचीच पायरी. आपलं उत्तर तिच्या सहाव्या घातात आहे. सहावा घात घेतला की छापून येतं १५४०१६५०६९ + ४५२३०७९६० डब्ल्यू. डब्ल्यूचा गुणक निम्मा करा: २२६१५३९८०. तोच पहिल्यात मिळवा: १७६६३१९०४९. झालं.

टाइप करताना आणखी काही गोष्टी अडवतात. मराठी कीबोर्ड सुरू असेल तर देवनागरी अंक जातात आणि पारी ते ओळखत नाही. इंग्रजी अंकच लागतात, आज्ञाही इंग्रजी स्पेलिंगनेच. लाख-कोटीचे स्वल्पविराम चालत नाहीत. आज्ञेच्या कंसात १,७६,६३,१९,०४९ असं चिकटवलं तर पारी त्याला पाच वेगवेगळ्या संख्या समजतं आणि अडून बसतं. दशांश चिन्ह चुकून जरी पडलं तरी पूर्ण संख्येची दशांश संख्या होते आणि मग ठराविक अंकांपुढे अचूकपणा संपतो. शेवटी टिंब असलेला आकडा कागदपत्रांतून कॉपी होऊन येतो तेव्हा हे फार घडतं. भागाकाराची तिरकी रेघ दिली की अपूर्णांक तसाच राहतो, जे इथे फायद्याचं आहे: पहिला आकडा भागिले दुसरा लिहून तो १ टिंबाने गुणला तर ७.८१०२४९६७५९०६६५४३९… येतं. वर्गमूळ ६१ शी हा आकडा दशांशानंतर १७ घरं जुळतो.

मूळ संख्या तपासायला दोन आज्ञा आहेत, इजस्यूडोप्राइम (ispseudoprime) आणि इजप्राइम (isprime). पहिली झटपट आहे. २ च्या ६४ व्या घाताच्या आत ती कधीच चुकत नाही हे तपासून झालेलं आहे. त्यापुढेही तिची चूक आजवर सापडलेली नाही, पण ती सिद्धता नव्हे. इजप्राइम सिद्धता करून सांगते, म्हणून मोठ्या आकड्याला वेळ घेते. फॅक्टर देते ते मोठे अवयवही मुळात पहिल्या चाचणीवरच मूळ मानलेले असतात. प्रकल्पात किंवा प्रबंधात आकडा छापायचा असेल तर प्रत्येक मोठा अवयव इजप्राइममधून काढून घ्यावा.

अवयव पाडण्याचा वेळ अंकसंख्येपेक्षा संख्येच्या घडणीवर ठरतो. शंभर अंकी संख्या एका मिनिटात फुटू शकते, जर एक सोडून तिचे सगळे अवयव लहान असतील. उलट जवळपास सारख्याच आकाराच्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार असेल तर साठ-सत्तर अंकांनंतर वाट बघावी लागते आणि पुढचे प्रत्येक काही अंक ती वाट दुप्पट करतात. आरएसए-२५० ही अशीच २५० अंकी संख्या फेब्रुवारी २०२० मध्ये फुटली, तीही असंख्य संगणक जुंपून. फोनवर आज्ञा देऊन ती फुटण्याची वाट बघू नये, फोन तापेल आणि बॅटरी जाईल.

दुसरी मर्यादा जागेची. सुरुवातीला पारी स्वतःकडे साधारण ८ एमबी जागा ठेवतं. ती भरली की ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ म्हणत थांबतं. इलाज सोपा: अलोकेटमेम (allocatemem) ही आज्ञा देऊन जागा वाढवून घ्या आणि गणित पुन्हा चालवा. ६१ च्या समीकरणाला उत्तरं अनंत आहेत, आणि हजारावं उत्तर ९,५४८ अंकी आहे. एवढ्याला मूळची जागा पुरते. पण याच जातीचं समीकरण लागणाऱ्या आर्किमिडीजच्या गुरांच्या कोड्याचं उत्तर २,०६,५४५ अंकी. ते काढलं तरी पडद्यावर छापू नका, फोन गोठतो. अंक किती आणि शेवटचे दहा कोणते, एवढंच विचारा. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पूर्ण संख्या तितक्याच अचूक असतात, पण आवृत्ती ३.११ पासून ४,३०० अंकांपुढचा आकडा छापायला गेलं की तो नकार देतो. हजारावं उत्तर तिथे अडकतं, मर्यादा सेटिंगमधून वाढवली तरच सुटतं. बाकी पायथन शिकून झालेल्याला पारीची निकड नाही. अवयवांसाठी सिमपाय ही पायथनची जोड-लायब्ररी जोडली की बरंचसं काम होतं.

ज्याला फक्त बिलं आणि वजनं करायची आहेत त्याने १२ अंकी कॅल्क्युलेटरच ठेवावा. बारावीपर्यंत सायंटिफिक पुरे, मात्र कंसाचा अर्थ लक्षात ठेवून. बीएस्सीला अंकशास्त्र घेतलेल्याने पारी पहिल्याच महिन्यात टाकून घ्यावं. त्याची मदत-पुस्तिका इंग्रजीत आणि जरा कोरडी आहे, पण आपण आणखी एक प्रश्नचिन्ह टाकून त्याला जोडून आज्ञेचं नाव लिहिलं की थोडक्यात माहिती तिथेच मिळते.

यंत्र घेतल्यावर पहिली परीक्षा १०९ ने घ्यावी. १६५७ मध्ये फ्रेंच गणिती फर्माने फ्रेनिकल या दुसऱ्या गणितीला लिहिताना ६१ च्या जोडीला हाच आकडा दिला होता. क्वाडयुनिट ११८ + २५ डब्ल्यू देईल. सहावा घात घ्या, डब्ल्यूचा गुणक निम्मा करा, तो पहिल्यात मिळवा. १५८०७०६७१९८६२४९ आणि १५१४०४२४४५५१०० ही जोडी मिळाली पाहिजे, आणि पहिल्याचे अवयव पाडल्यावर ११ ची घात २ दिसली पाहिजे.